पहिला घोडा घेताना: थरोब्रेड की देशी? नाशिकच्या नवख्या घोडेप्रेमींसाठी

"रेसचा घोडा स्वस्तात मिळतोय, घेऊ का?" नाशिकात घोडा पाळायची हौस असलेला माणूस भेटला की हा प्रश्न येतोच. मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर शर्यतींचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. हंगाम संपत आला की शर्यतीतून बाद झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचे घोडे, विकायला निघतात आणि कसारा घाट चढून आपल्याकडेही पोचतात. उंच, चकाकत्या अंगाचा, पुठ्ठ्याला भरलेला देखणा घोडा, आणि किंमत येवल्याच्या बाजारातल्या चांगल्या मारवाडी घोड्यापेक्षाही कमी. मोह होणारच.

त्यावर सल्ला देणारेही तयारच असतात. थरोब्रेड डोक्याने अर्धवट आणि पायाने नाजूक, देशी घोडा शहाणा आणि दगडासारखा टणक, असं एका दमात सांगून मोकळे होतात. यातला पायांचा भाग बराचसा खरा आहे. डोक्याचा भाग खोटा आहे, आणि त्या गैरसमजापायी चांगले घोडे मार खातात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिला घोडा देशी घ्या. थरोब्रेड घ्यायचाच असेल तर जागा, नालबंद, डॉक्टर आणि किमान सहा महिन्यांचा धीर, या चार गोष्टी हाताशी असल्याशिवाय घेऊ नका.

पायरी १: कोणता घोडा कशासाठी घडला ते समजून घ्या

थरोब्रेड ही जात सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये घडली. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे तीन नर तिचे मूळपुरुष. १७९१ साली वंशावळीची छापील नोंदवही निघाली आणि पुढे तिच्याबाहेरच्या रक्ताला दार जवळजवळ बंदच झालं. आजच्या बहुतेक सगळ्या थरोब्रेड नरांची पितृपरंपरा एकट्या डार्ली अरेबियनपर्यंत जाऊन पोचते. सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ निवड झाली ती मुख्यतः एकाच कसोटीवर: पळतो किती जोरात. खूर कसा आहे, कमी चाऱ्यात तग धरतो का, उन्हातान्हात वीस वर्षं काम करील का, हे प्रश्न पैदास करणाऱ्याने विचारलेच नाहीत. शर्यत जिंकणारा नर पायाने थोडा कच्चा असला तरी त्याच्याकडून पैदास होतच राहिली.

आपल्या देशी घोड्यांची निवड वेगळ्या चाळणीतून झाली. मारवाडी आणि काठेवाडी, ज्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडू पाहतात, ते वाळवंटी आणि कोरड्या मुलखात वाढले. आपल्या घरचं म्हणावं असं भीमथडी तट्टू तर धनगरांच्या वाड्यांबरोबर, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या तांड्यांबरोबर, चालतं. दिवाळीनंतर देशावरून कोकणाकडे, पावसाआधी परत. पाठीवर संसार, त्यावर कधी कोकरं, कधी लहान मूल. वाटेत मिळेल ते खायचं. ज्याचे खूर फुटले, जे आजारी पडलं, ते मागे राहिलं आणि त्याचा वंश पुढे गेला नाही. राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, याचा आपल्याला आनंद वाटायला हवा.

उंचीचा हिशेबही इथेच करून टाका. घोड्याची उंची खांद्याच्या उंचवट्याशी, हातांत मोजतात. एक हात म्हणजे चार इंच. थरोब्रेड साधारण साडेपंधरा ते सतरा हात. मारवाडी चौदा-पंधराच्या आसपास, काही त्याहून उंच. भीमथडी बरंच बुटकं. सत्तर किलोच्या माणसाला चांगला बांधीव चौदा हातांचा घोडा आरामात नेतो. उंचीच्या मागे लागू नका. पडलात तर तीच उंची आठवते.

पायरी २: हुशारी म्हणजे काय, ते ठरवा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो म्हणून गाजला होता. विचारलेल्या बेरजेचं उत्तर तो टापा आपटून देई. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने १९०७ मध्ये बारकाईने तपासलं तेव्हा कळलं की हान्सला गणित येत नव्हतं. योग्य आकडा आला की समोरच्या माणसाच्या मानेत, चेहऱ्यावर नकळत जो सूक्ष्म बदल होई, तो पाहून हान्स थांबत होता. लोक हिरमुसले. माझ्या मते त्यांनी उलट थक्क व्हायला हवं होतं, कारण आपल्याला स्वतःलाही न जाणवणारी हालचाल ते जनावर वाचत होतं. (हान्स थरोब्रेड नव्हता, रशियन ऑर्लोव्ह जातीचा होता.)

नॉर्वेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोगही सांगण्यासारखा आहे. २३ घोड्यांना तीन फळ्यांवरच्या तीन खुणा शिकवल्या: झूल घाला, झूल काढा, आहे तसंच राहू द्या. दोन आठवड्यांत सगळेच्या सगळे शिकले, आणि हवामान पाहून आपली पसंती फळीला नाक लावून सांगू लागले. त्यात वेगवेगळ्या जातींचे घोडे होते.

जातीजातींत जो फरक दिसतो तो शिकण्याच्या कुवतीचा कमी आणि बिचकण्याचा जास्त. थरोब्रेड आणि अरबी घोडे चटकन उत्तेजित होतात, हे सांभाळणारे आणि अभ्यास करणारे दोघंही सांगतात. घाबरलेलं कुठलंही जनावर शिकत नाही, म्हणून बघणाऱ्याला ते मूर्ख वाटतं. शिवाय रेसकोर्सवरून आलेल्या घोड्याला जे शिकवलेलं असतं ते आपल्या अपेक्षेच्या नेमकं उलट असतं. त्याच्या तोंडातला लगाम घट्ट धरला की तो त्यावर रेलतो आणि वेग वाढवतो. जॉकी तसंच चालवतात. नवखा स्वार घाबरून लगाम ओढतो, घोडा आज्ञा पाळून आणखी पळतो, आणि मागून लोक म्हणतात, बेअक्कल जनावर. जॉकीला हाताने उचलून पाठीवर बसवतात, तेही बहुतेकदा घोडा चालता असताना. त्यामुळे "उभा राहा, मी रिकिबीत पाय घालतो" हे त्याने कधी ऐकलेलंच नसतं. आयुष्यभर तबेल्यातल्या शेजारच्या खणात, म्हणजे खोलीत, घोडे असल्यामुळे एकटं राहणंही त्याला ठाऊक नसतं. दिंडोरी रोडच्या एखाद्या मळ्यात तो एकटाच बांधला की रात्रभर हिंडतो, हिणहिणतो, घामाघूम होतो.

थरोब्रेडला नवी गोष्ट मी तरी कमी वेळात शिकताना पाहिलं आहे. पण तो तुमची चूकही तितक्याच वेगाने शिकतो. एकदा त्याने मान झटकली आणि तुम्ही दचकून खाली उतरलात, की दुसऱ्या दिवशी तो मान झटकूनच दाखवणार. सरावलेला देशी घोडा अशा चुका बऱ्याच पोटात घालतो, आणि नवशिक्याला हवा असतो तो असाच घोडा.

मारवाडी-काठेवाडीही काही गाई नव्हेत. अंगात पाणी असलेली काठेवाडी घोडी भल्याभल्यांना उतरवते. म्हणून जात बघून स्वभाव गृहीत धरू नका, तपासून पाहा. एक साधी परीक्षा आहे. घोडा मोकळ्या जागी धरून उभा असताना दहा-बारा पावलांवर कुणाला तरी छत्री उघडायला सांगा, त्याला दिसेल अशी, पाठीमागून नाही. प्रत्येक घोडा दचकेल. दचकण्याला गुण देऊ नका, सावरण्याला द्या. काही क्षणांत मान खाली आली, जबडा हलू लागला, श्वास लांब झाला, कान तुमच्याकडे वळला, तर तो घोडा तुम्हाला सांभाळील. पाच मिनिटांनंतरही शेपूट ताठ आणि डोळ्याचं पांढरं दिसत असेल तर जात कोणतीही असो, पहिला घोडा म्हणून तो नको.

आणि लग्नाच्या वरातीत नाचणारा घोडा "डीजेला पण घाबरत नाही" म्हणून कुणी विकत असेल तर दूर राहा. वरातीत शांत चालणारा घोडा वेगळा, तो चांगलाच. नाचरा मात्र बहुतेक वेळा दोरखंडाला बांधून, मारून शिकवलेला असतो, आणि लगाम जरा आवळला की जागच्या जागी उड्या मारू लागतो.

पायरी ३: पाय का जातात, हे नीट समजून घ्या

गुडघ्याच्या खाली घोड्याच्या पायात स्नायू नसतातच म्हटलं तरी चालेल. हाड, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), सांधे आणि कातडी, एवढंच. सगळी ताकद वरून येते आणि लांब कंडरांमधून खुरापर्यंत पोचते. उभ्या घोड्याचं सुमारे साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. भरधाव पळताना एका क्षणी एकाच पुढच्या पायावर शरीराच्या सुमारे अडीचपट भार येतो. साडेचारशे किलोचा घोडा धरा, म्हणजे अकराशे किलोच्या वर, तोही चहाच्या बशीपेक्षा थोड्याच मोठ्या खुरावर. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या सरळ हाडाच्या, मागची कंडरा, जिला घोडेवाले सरसकट "नस" म्हणतात, ती या भाराखाली ताणली जाते, परत आखडते, आणि या घर्षणात तिच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत चढतं. रोज थोडे तंतू तुटतात, रोज थोडे सांधले जातात. तुटणं सांधण्याच्या पुढे गेलं की एक दिवस नस सुजते आणि धनुष्यासारखी बाहेर येते.

सुजलेली नस भरायला नऊ महिने ते वर्षही लागतं. भरते तीही पहिल्यासारखी लवचीक राहत नाही, भरलेल्या जखमेची जाड ऊती तिथे येते. म्हणून "जुनी दुखापत आहे, आता बरी आहे" असं विकणारा म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. शांत रपेटीला तो पाय वर्षानुवर्षं चालेल, पण वेगाला नाही.

हाडांची गोष्ट जरा वेगळी. थरोब्रेडच्या शर्यती दोन वर्षांच्या वयापासून सुरू होतात. भारतात सगळ्या थरोब्रेडचा कागदोपत्री वाढदिवस १ जानेवारीला, त्यामुळे "दोन वर्षांचा" घोडा प्रत्यक्षात त्याहून काही महिन्यांनी लहान असू शकतो. त्या वयात गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढही नुकती पुरी होत असते आणि पाठीच्या मणक्यांची तर पाचव्या वर्षापर्यंत चालते. लहान वयात पळवणं सरसकट वाईट असंही नाही. बेताचा, हळूहळू वाढवलेला व्यायाम हाड पक्कं करतो. चोवीस तास खणात कोंडलेल्या शिंगराचं हाड उलट कच्चं राहतं. घात होतो तो दोन्हीच्या बेरजेने: तेवीस तास कोंडलेलं, आणि उरलेल्या तासात पूर्ण वेग. शर्यतीत अचानक मोडलेलं दिसणारं हाड बहुतेक वेळा आधीपासून बारीक तडकलेलं असतं.

थरोब्रेडच्या खुराची भिंत बऱ्याचदा पातळ आणि तळवा सपाट असतो. आपल्याकडचा मुरूम आणि टोकदार बेसॉल्टचे दगड अशा तळव्याला झोंबतात. शिवाय दुखलं तरी थांबायचं नाही, हा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या निवडत आणलेला. दुखऱ्या पायाने पळत राहिल्यामुळे छोटी दुखापत मोठी होते.

मग देशी घोडा टणक का? एक तर आकार. वजन कमी, त्या मानाने हाड जाड, खूर घट्ट आणि कोरडा. दुसरं म्हणजे दिवसभर चालण्याची सवय. पण टणकपणाची दुसरी बाजू नवख्यांनी लक्षात ठेवावी: हे घोडे दुखणं दाखवत नाहीत. तंग (खोगीर आवळायचा पट्टा) घासून जखम झालेली असते, खूर वाढून वाकडा झालेला असतो, आणि बिचारा चालतच असतो. "आपल्या घोड्याला काही होत नाही" म्हणणाऱ्यांच्या तबेल्यात मी सगळ्यात जास्त दुर्लक्षित खूर पाहिले आहेत.

पायरी ४: आधी जागा, मग घोडा

घोडा ज्या जमिनीवर उभा राहणार ती नाशिक जिल्ह्यात तालुक्यागणिक बदलते. इगतपुरी, त्र्यंबककडे पावसाळ्यात चार महिने चिखल. तिथे खुराच्या तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग कुजून काळा पडतो आणि वास मारतो. उंचावर, मुरूम टाकून केलेली, पाणी न साचणारी कोरडी जागा तिथे हवीच. निफाड, पिंपळगावकडे काळी माती आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी. देशी घोडा केस वाढवून ती सोसतो, पातळ कातडीच्या थरोब्रेडला डिसेंबर-जानेवारीत रात्री झूल घालावी लागते.

खण किमान बारा फूट बाय बारा फूट असावा. त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे रोज काही तास मोकळं फिरता येईल असं कुंपण. ते काटेरी तारेचं नको. थरोब्रेड घाबरून तारेत घुसला की कातडी कापडासारखी फाटते. लाकडी किंवा पाइपचं, निदान दिसणारी जाड पट्टी लावलेलं कुंपण करा. सोबतीला दुसरा घोडा, नाहीतर शेळी तरी ठेवा.

आवारात कण्हेर असेल तर उपटून टाका. रस्त्याच्या दुभाजकांवर आणि बंगल्यांच्या कडेला ती सर्रास लावलेली असते, आणि थोडी पानंसुद्धा घोड्याचा जीव घेतात.

नालबंद चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येऊ शकेल का, घोड्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य रात्री फोन उचलेल का, हे घोडा आणण्याआधी विचारून ठेवा. गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर आपल्याकडे पुष्कळ आहेत, घोडा रोज पाहणारे थोडे.

पायरी ५: बाजारात काय बघायचं

येवल्याला घोडेबाजार भरतो. डिसेंबरच्या सुमारास दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची मोठी यात्रा असते. पहिल्या फेरीला खिशात पैसे नेऊच नका. नुसतं बघा, ऐका, लोक कसा घोडा पारखतात ते पाहा. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवणारे जाणकार भेटतील, त्यांच्याशी वाद घालू नका. मात्र तुमची तपासणी खालून सुरू होऊ द्या.

घोड्याच्या डाव्या खांद्याशी, तोंड शेपटीकडे करून उभे राहा. तळहात खांद्यावरून सावकाश खाली आणा. गुडघ्याच्या खाली, नळीच्या मागे, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला ठेवून कंडरा चाचपत घोट्यापर्यंत जा. चांगली नस पेन्सिलीसारखी सरळ, थंड आणि स्वच्छ कडांची लागते. कुठे जाडसर गाठ, मऊ फुगवटा किंवा ऊब लागली तर थांबा. लगेच दुसरा पाय तसाच चाचपा. एका पायावरून काही ठरवू नका, दोन्हींतला फरक बोलतो. मग पाय उचलून त्याच जागी हलकेच दाबा आणि घोड्याच्या कानांकडे बघा.

आता त्याला दुडकीवर पळवायला सांगा. विकणारा मऊ वाळूत किंवा गवतावर पळवून दाखवील. कडक, सपाट जमिनीवर, सरळ रेषेत, दोर सैल सोडून दाखवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागच्या पायाचं दुखणं पुठ्ठ्याच्या वरखाली होण्यात दिसतं. वेदनाशामक इंजेक्शन देऊन लंगडणं एक-दोन दिवस लपवता येतं, म्हणून आठवड्याने न सांगता पुन्हा जा. जो पुन्हा दाखवायला नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

वय दातांवरून कळतं. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे मधले दोन दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. वरच्या कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरड्याशी एक खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्यापर्यंत येते. थरोब्रेडच्या बाबतीत इतकं चाचपडावं लागत नाही. त्याचं पारपत्र असतं, अंगात मायक्रोचिप असते, आणि नावावरून त्याची सगळी शर्यतींची कारकीर्द शोधता येते. ती नक्की शोधा. मध्येच आठ-दहा महिने तो पळालाच नसेल तर का, हे विचारा. नस किंवा हाड, उत्तर बहुधा याच दोनांत असतं.

व्यवहार पुरा करण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित निघालेल्या घोड्याला कायद्यानेच मारावं लागतं. सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगाची तपासणी आणि धनुर्वाताची लस हेही त्याच खेपेत उरका.

पायरी ६: चारा, आणि नाशिकचे खास धोके

घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान असतं आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत राहतं. पोटात सतत थोडा चारा असेल तर ते आम्ल मुरतं. तास न्‌ तास रिकामं राहिलं तर जठराला व्रण पडतात. शर्यतीच्या तयारीतल्या बहुसंख्य घोड्यांना असे व्रण असतात, कारण खुराकात दाणे भरपूर आणि चारा कमी. तंग आवळताना चावायला येणारा, चंदी (दाण्यांचा खुराक) अर्धी टाकणारा, बरगड्या दिसणारा थरोब्रेड "खुनशी" म्हणून बदनाम होतो. त्याचं पोट दुखत असतं. स्वार होण्याच्या अर्धा तास आधी दोन मुठी वाळका चारा द्या. पळताना उसळणारं आम्ल त्यात अडकतं.

साडेचारशे किलोच्या घोड्याला दिवसाला सात ते नऊ किलो सुका चारा हवा, शक्य तितक्या वेळा विभागून. त्यावर कामाप्रमाणे भिजवलेला हरभरा, ओट्स मिळाले तर ओट्स, आणि दोन-तीन चमचे मीठ. पाणी पंचवीस ते पन्नास लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. देशी घोड्याचा हिशेब उलटा असतो. तो चाऱ्याच्या वासावरही जाड होतो. प्रेमाने रोज गूळ, हरभरा, लसूणघास ढीगभर घातला की मानेवर चरबीची वळी येते आणि मग लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांना सूज. जो पाय दगडावर मोडला नाही तो असा गव्हाणीत मोडतो. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात.

आपल्या जिल्ह्यात चार गोष्टी विशेष सांभाळा. कांदा: चाळीतला सडका कांदा आणि पात गुरांपुढे टाकायची सवय असते, पण कांद्याने घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मका: बुरशी धरलेलं कणीस किंवा दाणे घोड्याच्या मेंदूवर जातात, त्यावर उपाय नाही. द्राक्षबागेतल्या छाटणीची पानं आणि काड्या: त्यांवर फवारण्या झालेल्या असतात. आणि कोंबडीखाद्य: त्यात मोनेन्सिनसारखं औषध असेल तर थोड्या प्रमाणातही घोड्याचं हृदय बंद पडतं. शेजारी पोल्ट्री असेल तर पोती वेगळ्या खोलीत, कुलपात. गाईचं तयार खाद्यही घोड्याला घालू नका.

घोडा घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात, तो शांत असताना, त्याचे आकडे लिहून भिंतीवर लावा. नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.२ ते ३८.३ अंश. तो जमीन उकरू लागला, वळून पोटाकडे बघू लागला, लोळू लागला, लीद थांबली, तर चारा काढून घ्या आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. हा पोटशूळ असतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे वाट बघण्यात जीव जातो. "सकाळपर्यंत बघू" इथे चालत नाही.

पायरी ७: पहिले महिने

देशी घोडा आणला असेल तर पंधरा दिवस माणसांशी, जागेशी ओळख होऊ द्या आणि मग चालीवर रपेट सुरू करा. रोज खरारा करताना सगळ्या अंगावरून हात फिरवा. तो दाखवत नसलेलं दुखणं तुमच्या बोटांना सापडेल. मारवाडीला रेवाल, म्हणजे पाठीवर हादरे न बसणारी चाल येत असेल तर ती चालवणाऱ्याकडूनच शिकून घ्या. ओढाताण केली तर ती बिघडते.

थरोब्रेडला वेळ द्यावा लागतो. दाणे एकदम तोडू नका, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करून चारा वाढवा. पहिले दोन-तीन महिने पाठीवर बसायचं नाही. हाताने चालवा, मोकळं सोडा, पाय उचलून घ्यायला शिकवा, पाठीवर चढायच्या चौथऱ्याशी उभं राहायला शिकवा. उभा राहिला की दोर त्याच क्षणी सैल करा. घोडा शिकतो तो दाब सुटण्याच्या क्षणाला. तुम्ही दोन सेकंद उशिरा सोडलात तर तो भलतंच काही शिकतो. शर्यतीत त्याला एकाच बाजूच्या वळणाची सवय झालेली असते, म्हणून दोन्ही हातांना सारखं वळवा.

मग चालीवर महिनाभर, चढउतार असलेल्या मऊ पायवाटेवर. गंगापूर धरणाच्या बाजूच्या मातीच्या वाटा यासाठी चांगल्या. डांबरावर दुडकी नको, भरधाव तर मुळीच नको. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत परत या. द्राक्षाच्या ट्रॅक्टरची, लग्नाच्या बँडची, दिवाळीच्या फटाक्यांची ओळख लांबून, थोडी थोडी, सोबत अनुभवी शांत घोडा ठेवून करून द्या. थरोब्रेड शेजारच्या घोड्याकडे बघून घाबरतो आणि त्याच्याकडे बघूनच शांतही होतो. लगामावर लटकू नका. थांबवायचं असेल तेव्हा आपला श्वास सोडा, बैठक जड करा, लगाम घ्या आणि लगेच सोडा. बेअक्कल म्हणवला गेलेला घोडा एवढ्याशा खुणेला थांबतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

वेगाची पहिली रपेट लहान ठेवा, दोन-तीन मिनिटांची. तिच्यानंतर पुढच्या दोन्ही पायांवर दहा-पंधरा मिनिटं गार पाणी सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी, घोडा खणातून बाहेर काढण्याआधी, बाजारात चाचपली होती तशीच दोन्ही पायांची नस चाचपा. एका पायाला जास्त ऊब किंवा किंचितही फुगवटा लागला, तर तो लंगडत नसला तरी त्या दिवसापासून रपेट बंद, आणि डॉक्टर येऊन पाहीपर्यंत फक्त हाताने चालवणं.